चुन्याची बोटं

"हात वर कर," आत्याबाई म्हणाल्या.

मी हात वर केले. दिवाळीची पहिली आंघोळ होती. उजाडलं नव्हतं आणि न्हाणीत बंबाचा धूर कोंडला होता. त्या दिवशी सासूनं सुनांना तेल लावायचं, अशी आमच्या घरची रीत. आधी थोरल्या जाऊबाई नंदाताई, मग मी. आत्याबाईंचा हात खरखरीत, पण तेल लावताना त्या कुचराई करत नसत. पाठ झाली, दंड झाले, मग हात बरगड्यांवरून पुढे आला आणि बेंबीखाली थांबला.

तो पुढे सरकेचना.

"श्वास सोड."

मी सोडला. त्यांनी चार बोटांनी दाबून पाहिलं. मग पुन्हा एकदा, जरा खाली.

"कवाचं हाय?"

"काय आत्याबाई?"

"काय म्हंजी? पोटात हाय ते."

मला खरंच माहीत नव्हतं. हे आज कुणालाही सांगितलं तर खोटं वाटेल, एका पोरीची आई झालेल्या बाईला कळत कसं नाही म्हणतील. पण नव्हतं कळलं. मी स्वतःच पोटावर हात ठेवला. नारळाएवढं काहीतरी टणक हाताला लागलं. तेल लागल्यामुळे हात घसरत होता.

आत्याबाई उठल्या, पदराला हात पुसले आणि मागच्या पडवीत गेल्या. त्या कुठे गेल्या ते मला बसल्या जागी समजलं. त्या भिंतीकडे गेल्या होत्या.

ती भिंत आधी सांगायला हवी. माण तालुक्यातलं आमचं गाव लहान, पण गावदेवीचा दिवा आमच्या घराण्याकडे. तो बारा महिने देवघरात तेवत असतो. त्यामुळे बायकांनी बाजूला बसण्याची शिस्त आमच्याकडे इतर घरांपेक्षा कडक. चार दिवस मागच्या पडवीत बसायचं, घोंगडी आणि तांब्या वेगळा, चहा लांबून यायचा. आणि कोण कधी बसली याची खूण आत्याबाई पडवीच्या भिंतीवर करत. त्या तंबाखू खात, कनवटीला चुन्याची डबी असे. त्यातला चुना बोटावर घ्यायचा आणि भिंतीला एक उभं बोट ओढायचं. वरची ओळ नंदाताईंची, खालची माझी. नवरात्रात कोण दिव्याला तेल घालणार आणि कोण नाही, याचा अंदाज त्या या बोटांवरून महिनाभर आधीच बांधत. कॅलेंडर त्यांना वाचता येत नव्हतं. सणवार मात्र तोंडपाठ. कुठलं बोट कुठल्या सणाच्या आगेमागे लागलं हे त्या वर्षभर विसरत नसत.

त्या परत आल्या तेव्हा नंदाताई दारात टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

"दसऱ्याच्या आधी बसलीस," आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्या आधी गौरी-गणपतीच्या तोंडाला. त्याच्या आधी नागपंचमीला. तीन बोटं हायत. आन् सयाजी रजा संपवून गेला आखाडात."

सयाजी माझा नवरा. फौजेत. तेव्हा तो राजस्थानात कुठेतरी होता.

"कुणाचं?" त्यांनी विचारलं.

नंदाताईंच्या हातातला टॉवेल खाली पडला. तो त्यांनी उचललाही नाही.

मी मांडीवर हात ठेवून पाटावर तशीच बसून राहिले. अंगावर तेल, समोर उटण्याची वाटी. घाबरायला हवं होतं. रडायला तर हवंच होतं. पण त्या क्षणी डोक्यात एवढंच आलं, की पाणी निवतंय.

"यांचंच आहे," मी म्हणाले.

"मग बसलीस कशी?"

"खोटं बसले."

आता हे सगळं उलगडून सांगणं आलं. मी तसंच, ओल्या अंगानं सांगितलं.

माझी ईश्वरी तेव्हा तीन वर्षांची होती. मला बारावीला चांगले मार्क होते आणि साताऱ्याला नर्सिंगला जायचं माझ्या मनानं घेतलं होतं. माझ्या वडिलांची तयारी होती, दोन वर्षं पोरीला सांभाळतो म्हणाले होते. सयाजीनं फोनवर 'बघू' म्हटलं होतं. आत्याबाईंनी मात्र सरळ सांगितलं होतं, एक पोरगा होऊ दे, मग जा कुठं जायचं तिथं. आणि पोरगाच होईल हे कोण लिहून देणार होतं? मी वाद घातला नाही. आदल्या डिसेंबरात ईश्वरीच्या डोसाला म्हणून उपकेंद्रात गेले आणि दंडात मूल न राहण्याची सुई टोचून घेतली. तीन महिने निश्चिंत. सिस्टरनं सांगितलं होतं, पाळी पुढंमागं होईल, कदाचित बंदच होईल, घाबरायचं नाही, औषधामुळे होतं. वजनही थोडं वाढेल.

पाळी बंदच झाली. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग भिंत आठवली. एक महिना माझं बोट लागलं नसतं, तर आत्याबाईंनी पेढे वाटले असते आणि संध्याकाळपर्यंत आळीला कळलं असतं. म्हणून मी नेहमीच्या तारखेला घोंगडी उचलली आणि पडवीत जाऊन बसले. आत्याबाईंनी चुना लावला. कोरी पॅड कागदात गुंडाळून बंबाखाली जाळली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. खरं सांगायचं तर मला ते चार दिवस आवडायला लागले होते. कुणी भाकरी थापायला सांगत नव्हतं. मी नर्सिंगचं पुस्तक पोत्याखाली ठेवायचे आणि वाचत बसायचे. दर महिन्याला चार दिवसांची हक्काची सुट्टी, शिवाय आयता चहा.

मार्चात दुसरी सुई घेतली. तिसरी जूनच्या सुरुवातीला घ्यायची होती. पण त्या सिस्टरची बदली झाली आणि दोन महिने उपकेंद्राला कुणी आलंच नाही. तालुक्याला जायला घरात कारण सांगावं लागलं असतं. तशात सयाजी महिन्याभराच्या रजेवर आला. मला वाटलं, पाळी तर अजून बंदच आहे, म्हणजे औषध अंगात असेल.

ऑगस्टात नवी सिस्टर आली. तरुण पोरगी, नियमानं चालणारी. मागची सुई मार्चातली हे ऐकून तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "फार उशीर झालाय ताई. आधी टेस्ट करावी लागेल. शेवटची पाळी कधी आली?"

आणि मी म्हणाले, "मागच्या आठवड्यात. चार दिवस बसले होते."

मी तिला फसवत नव्हते. सात महिने तेच सांगत होते. घरात, आळीत, सयाजीला. तिनं विचारलं आणि तोंडातून तेच आलं. सिस्टर म्हणाली, मग ठीक आहे, पाळीनंतर आठवड्याच्या आत आहे, टेस्टची गरज नाही. तिनं सुई दिली. उपकेंद्राच्या पायऱ्या उतरेपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नाही.

हे सगळं ऐकून आत्याबाईंनी उटण्याची वाटी बाजूला सारली.

"म्हंजी देवीच्या घरात वरीसभर खोटं बसलीस."

"हो."

"सोवळंबी खोटं, विटाळबी खोटा."

"हो आत्याबाई."

"मग आज खरं बोलतीस ते कशावरनं?"

दाखवायला माझ्यापाशी कागदाचा तुकडाही नव्हता. सुईचं कार्ड मी प्रत्येक वेळी फाडून ओढ्यात टाकायचे आणि पुढच्या खेपेला हरवलं म्हणून दुसरं मागायचे. ऑगस्टातलंही त्याच दिवशी टाकलं होतं.

"आधी पाणी घाल तिच्या अंगावर," आत्याबाई नंदाताईंना म्हणाल्या. "आन् देवघराकडं जाऊ नगंस म्हनावं."

दुपारी मी सयाजीला फोन केला. शेतातल्या बांधावर जाऊन केला, तिथेच रेंज यायची. सगळं सांगितलं. सुईचं, बसण्याचं, पोटाचं. मला वाटलं फोन कट झाला.

"अहो, आहात का?"

"हाय."

"तुमचंच आहे. तुम्हाला माहीत आहे ना?"

मागे कुणीतरी हिंदीत ओरडत होतं, बहुतेक हजेरी चालू होती.

"आई काय म्हणतीय?" त्यानं विचारलं.

"डॉक्टरकडे नेणार म्हणतात. मशीनवर महिने कळतात म्हणून."

"मग जाऊन या," तो म्हणाला. "काय निघतं ते कळव."

काय निघतं ते. मी फोन पदराच्या टोकात गुंडाळला आणि घरी येऊन चकल्या तळायला बसले.

दिवाळीत डॉक्टर नव्हती, त्यामुळे चार दिवस तसेच काढले. त्या चार दिवसांचं मला फारसं काही आठवत नाही. चकल्या आठवतात, बऱ्याच केल्या. आल्यागेल्याला नंदाताई सांगायच्या, सुवर्णाला कणकण आहे म्हणून ती पडवीत आहे. या वेळी मी पडवीत होते, पण भिंतीला बोट लागलं नाही. पोट आता हाताला दरवेळी लागायचं. एकदा आत काहीतरी फडफडलं. ईश्वरीच्या वेळी असं पहिल्यांदा झालं तेव्हा मी हसत सुटले होते. आता वाटलं, गॅस असेल. भाऊबीजेला माझा भाऊ आला. त्यानं ओवाळणीबरोबर एक पाकीट दिलं. वडिलांनी पाठवलं होतं. साताऱ्याच्या नर्सिंगचं, प्रवेशाचं पत्र. तीन डिसेंबरला हजर व्हायचं होतं. भाऊ म्हणाला, "आक्का, हसत का नाहीस?" मी म्हणाले, तळणाचा धूर डोळ्यांत गेलाय.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाई आणि मी वडापच्या जीपनं तालुक्याला गेलो. त्या खिडकीशी बसल्या, मधे त्यांची पिशवी, मग मी. पूर्ण रस्ताभर त्यांनी डबी उघडली नाही. दवाखान्यात बाकावर आमच्यासमोर एक नवरा-बायको बसले होते. बायको नऊ महिन्यांची आणि नवरा तिला फुटाणे सोलून देत होता. आत्याबाई मला म्हणाल्या, "पानी पी. मशीनला पोट भरलेलं लागतं म्हनं." चार दिवसांत त्यांचं माझ्याशी झालेलं तेवढंच बोलणं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ढकलायची सवय. पोटावर गार मलम लावून त्यांनी मशीन फिरवलं. आत्याबाई पायाशी उभ्या होत्या. पडद्यावरचं त्यांना काही समजत नव्हतं, पण त्यांनी नजर हलवली नाही.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"माहीत नाही," मी म्हणाले. पहिल्यांदाच कुणालातरी खरं सांगितलं. "सुई घेत होते. वर्षभर आलेलीच नाही."

"हरकत नाही, मापावरून कळतं." त्यांनी बटणं दाबली. "पाळीच्या हिशेबानं एकोणीस आठवडे झालेत. वाढ चांगली आहे."

"म्हंजी कवा राह्यलं?" आत्याबाईंनी विचारलं. "तारीख सांगा बाई. तारीख."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. असल्या सासवा त्यांनी पाहिलेल्या असणार. "गर्भ राहिला तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. चार-पाच दिवस इकडे-तिकडे."

"आखाडात?"

"जुलैत. तुम्ही आखाड म्हणा."

आत्याबाईंनी मशीनला हात जोडले. अगदी देवीपुढे जोडतात तसे, कपाळाला लावून. मग त्या एकदम खाली स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. "माझ्या लेकाचं हाय," एवढंच म्हणत राहिल्या.

मी छताकडे बघत होते. एका कोपऱ्यात पोपडे आले होते.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला हिला तपासायचंय."

आत्याबाई गेल्या. दार नव्हतं, हिरवा पडदा होता. तो जमिनीपासून वीतभर वर होता. त्यांची पावलं पडद्यामागेच थांबली, टाचा भेगाळलेल्या, जोडवी झिजलेली.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"सुई घेत होतीस म्हणजे तुला मूल नको होतं."

मी मान डोलावली.

"अजून नको असेल तर सांग. साधन फसलं, हे कारण कायद्यात बसतं. तू सज्ञान आहेस, तुझी एकटीची सही चालते, नवऱ्याची नाही लागत. पण वीस आठवड्यांच्या आत करावं लागतं. तुझे एकोणीस झालेत. दुसऱ्या डॉक्टरांची सही मी घेईन. मात्र आज ठरवायला हवं."

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. कधीचं, कुणाचं, कसं हे सगळं विचारून झालं होतं. चार दिवसांत मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. तारीख निघायची वाट बघत होते. तारीख बरोबर निघाली की सुटले, इथवरच माझा विचार गेला होता. पाकीट माझ्या पर्समध्ये होतं, तीन डिसेंबर.

मी पडद्याखालच्या पावलांकडे पाहिलं. ती हलली नव्हती.

"विचार कर," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं घे."

पाच मिनिटं लागली नाहीत. जुलै लिहिलेला कागद माझ्या बाजूनं होता खरा. पण मी या पडद्यातून मोकळी होऊन बाहेर गेले असते, तर त्या कागदाला कोण विचारणार होतं? आत्याबाई म्हणाल्या असत्या, लेकाचं असतं तर पाडलं असतं का. सयाजी काहीच म्हणाला नसता, आणि ते जास्त वाईट झालं असतं. आता पोटातलं पोर हाच माझा पुरावा होता. ते जन्माला येऊन, त्याचं नाक-कपाळ कुणावर गेलंय ते सगळ्यांनी बघेपर्यंत मी सुटणार नव्हते.

"ठेवायचंय," मी म्हणाले.

"नक्की? कुणाच्या दबावाखाली नाही ना?"

"नाही."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

परतीच्या वाटेवर आत्याबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि मला खिडकीशी बसवलं. स्टँडवर केळी घेतली, सोलून दिली. मी खाल्ली. घरी पोहोचल्यावर त्या पायसुद्धा न धुता पडवीत गेल्या, एक फडकं ओलं केलं आणि मला हाक मारली.

"ह्यातली खरी कंची?"

मी दाखवलं. गेल्या डिसेंबरपर्यंतची खरी, त्यापुढची दहा खोटी. त्यांनी ती दहाच्या दहा घासून पुसली. पांढरट फराटे राहिले. मग त्यांनी देवघरात नेऊन माझ्याकडून दिव्याला तेल घालून घेतलं आणि शेवटी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"झालं गेलं गंगेला मिळालं," त्या म्हणाल्या. "सयाजीला फोन लाव."

मी बांधावर गेले आणि फोन लावला. "जुलैचं निघालं," मी म्हणाले.

"मला माहीतच व्हतं," तो म्हणाला. आवाज मोकळा होता. तो हसलासुद्धा.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण राग यायलाही अंगात काहीतरी लागतं. ते माझ्यात नव्हतं. दूरवर कुणीतरी उरलेले फटाके वाजवत होतं.

तीन डिसेंबर आला आणि गेला. मार्चअखेर मुलगा झाला. कपाळ अगदी बापाचं, कानाची पाळी आजीची, बारशाला आलेली प्रत्येक बाई हेच सांगत होती आणि आत्याबाई प्रत्येकीला पुन्हा एकदा विचारत होत्या, कुनावर गेलाय गं? नर्सिंगचं मी पुन्हा काढलं नाही, दुसऱ्या कुणीही काढलं नाही. मुलाचं नाव संग्राम. आता आठ वर्षांचा आहे, गणितात हुशार, माझ्याशिवाय झोपत नाही. माझा त्याच्यावर जीव आहे. हे मी कुणाला पटवायला लिहीत नाही, आहे म्हणून लिहिते. पण तो माझ्या कुशीत झोपलेला असतो तेव्हा कधीतरी मला हिरवा पडदा दिसतो, आणि मी त्याच्या कपाळावरून हात काढून घेते.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या गुरुवारी ईश्वरी शाळेतून आली ती पोट धरून. बारा वर्षांची आहे. मी तिला पॅड दिलं, कसं लावायचं दाखवलं, गरम पाणी प्यायला दिलं. आत्याबाई आता थकल्यात, नीट दिसत नाही, पण घरातली कुजबुज त्यांना अजून कळते. त्या काठी टेकत मागच्या पडवीत आल्या. कनवटीची डबी काढली, चुना बोटावर घेतला आणि हातानं भिंत चाचपत नंदाताईंच्या आणि माझ्या ओळीखाली जागा शोधायला लागल्या.

"हिकडं ये गं ईश्वरे," त्या म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं. "तुजं पयलं बोट."

मी पुढे झाले आणि त्यांचा हात धरला. मनगट नुसतं हाड होतं.

"हिचं बोट लागणार नाही आत्याबाई."

"आगं, मग कळायचं कसं?"

"नाही कळायचं."

हात मी सोडला नाही. बोटावरचा चुना वाळायला लागला होता. थोड्या वेळानं मी माझ्या पदरानं त्यांचं बोट पुसलं, डबी बंद करून त्यांच्या कनवटीला लावली आणि ईश्वरीला म्हणाले, आत जा, कॉटवर झोप.